दुभंगलेला ओठ व टाळू : बालोपचारांकडून प्रौढोपचारांकडे

ओठ, टाळू किंवा दोन्ही जन्मतः दुभंगलेल्या व्यक्तीची वैद्यकीय देखभाल मुलांच्या उपचारपथकाकडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे टप्प्याटप्प्याने सोपवण्याची प्रक्रिया. साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. ओठ पहिल्या काही महिन्यांत शिवतात, टाळू बहुधा दीड वर्षाच्या आत. त्यामुळे हा प्रश्न बालपणीच मिटतो असा समज आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत तरुण रुग्णांना मोजावी लागते.

उपचारांचे शेवटचे मोठे टप्पे चेहऱ्याची वाढ थांबण्याची वाट पाहत असतात. टाळूवरील व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ अनेकांत मागे पडते. तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया सहसा वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. मुलींची वाढ मुलांच्या आधी थांबते. घाई केली आणि खालचा जबडा वाढतच राहिला, तर दातांची बसलेली घडी पुन्हा विस्कटते. नाकाची अंतिम शस्त्रक्रिया बहुधा त्यानंतर होते, कारण जबडा सरकला की नाकाचा आधारच बदलतो. सुळ्याशेजारचा पटाशीचा दात कित्येकांना मुळात आलेलाच नसतो. तिथे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवायचे तर तेही वाढ थांबल्यावर. आजूबाजूचे दात जबड्याबरोबर वाढतात, इम्प्लांट जागचे हलत नाही. म्हणजे बालरुग्णालयाची वयोमर्यादा जवळ येते, नेमकी तेव्हाच ही कामे सुरू होतात.

बालपणी प्लास्टिक सर्जन, दंततज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि समुपदेशक एकाच पथकात असतात. प्रौढांच्या व्यवस्थेत हे सारे विखुरते आणि रुग्णालाच एका डॉक्टरचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवावे लागते. यातला धोका खरा आहे. वरचा जबडा पुढे आणला की मऊ टाळू आणि घशाची मागची भिंत यांतले अंतर वाढते आणि काहींचे बोलणे पुन्हा गेंगाणे होऊ शकते. म्हणून या शस्त्रक्रियेपूर्वी वाचातज्ज्ञाची तपासणी हवी. बोलणे सुधारण्यासाठी लहानपणी घशात शस्त्रक्रिया झाली असेल आणि आता घोरणे किंवा झोपेत श्वास अडणे जाणवत असेल, तर त्या दोन्हींचा संबंध लक्षात आणून देणाराही कोणीतरी हवा. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साचते. त्यातून राहिलेला श्रवणदोष पुढेही तपासावा लागतो.

तयारी १२ ते १४ वर्षांच्या सुमारास सुरू झालेली बरी. मुलाने डॉक्टरशी काही वेळ एकट्याने बोलावे, कोणत्या शस्त्रक्रिया कधी झाल्या हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. शस्त्रक्रियांचे अहवाल, क्ष-किरण चित्रे आणि दातांचे साचे यांच्या प्रती त्याच्या हाती असाव्यात. वीस वर्षांनी त्या शोधणे फार कठीण जाते.

कागदांपेक्षा अवघड असते ते निर्णयाचे हस्तांतर. तोवर प्रत्येक शस्त्रक्रियेला संमती आईवडिलांनी दिलेली असते. आता नाक आणखी नीट करायचे का, व्रण पुन्हा उकलायचा का, हे ज्याचा चेहरा आहे त्याने ठरवायचे. ‘आता पुरे’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि पथकाने ते तितक्याच आदराने ऐकले पाहिजे. आज नको म्हणणाऱ्याला तिशीत वा पन्नाशीत परत यावेसे वाटले, तर त्याच्यासाठी वाट मोकळी असावी.

अपत्याचा विचार सुरू झाला की आनुवंशिक सल्ला महत्त्वाचा ठरतो. इतर कोणतेही लक्षण नसलेले दुभंगलेपण आईला किंवा वडिलांना असेल, तर बाळात ते येण्याची शक्यता साधारण २ ते ५ टक्के असते. दुभंगलेपणासोबत खालच्या ओठावर लहान खळगे असलेल्या व्हॅन डर वूड सिंड्रोम या आनुवंशिक विकारात सदोष जनुक बाळाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. लहानपणी हे आईवडिलांना सांगितलेले असले, तरी तरुण रुग्णाला ते नव्याने, त्याच्यासमोर बसून सांगावे लागते.