गुजरीतली चाळिशी आणि संध्याकाळची डोकेदुखी

पेठापेठांत तालमी असलेल्या आमच्या कोल्हापुरात शरीराचं काहीही उणं पडलं की पहिला सल्ला मेहनतीचा. त्यामुळे मोबाईल हातभर लांब धरून वाचणारा पंचेचाळिशीचा गडीही चष्म्याच्या दुकानात जायच्या आधी डोळ्यांचे व्यायाम शोधत बसतो. चष्मा लावला की डोळे आळशी होतात आणि नंबर चढतच जातो, असं त्याला कुणीतरी ठासून सांगितलेलं असतं. पण इथे स्नायूचा फारसा दोष नाही. ताठर होतं ते डोळ्यातलं भिंग, आणि त्याला कितीही जोर-बैठका काढायला लावल्या तरी ते ऐकत नाही.

हे भिंग बाहुलीच्या मागे असतं. भोवती स्नायूचं एक कडं आणि त्या कड्याला बारीक तंतूंनी टांगलेलं भिंग, अशी ही रचना. दूर पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात, भिंग चपटं राहतं. जवळचं पाहायचं झालं की स्नायू आवळतो, कडं लहान होतं, तंतू ढिले पडतात आणि मोकळं झालेलं भिंग स्वतःच्या लवचिकपणावर फुगतं. ही यंत्रणा हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडली. त्याआधी, १८०१ मध्ये, टॉमस यंगने हे काम भिंगाचंच आहे हे दाखवलं होतं, तेही स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून. डोळ्यापुढे पाणी धरलं की बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता जवळपास निकामी होते. तरीही जवळ-दूर पाहण्याची ताकद शाबूत राहिली, म्हणजे बदलतंय ते आतलं काहीतरी. मोतीबिंदू काढलेल्या, भिंग नसलेल्या डोळ्यांत ही ताकद नसते, हेही त्याने तपासलं. या माणसाच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

केस गळतात, कातडी झडते. भिंगाचे जुने थर मात्र कुठेच जात नाहीत. जन्मभर वरून नवे थर चढत राहतात आणि मधला भाग घट्ट होत जातो. उतरण लहानपणीच सुरू होते, आपल्या लक्षात येते चाळिशीनंतर.

थोडं गणित करू, कारण डोकेदुखीचं मूळ त्यातच आहे. जवळचं पाहायला लागणारी ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात आणि ती काढायची रीत सोपी आहे: एकाला मीटरमधल्या अंतराने भागायचं. ४० सेंटीमीटरवरच्या पेपरला २.५ डायॉप्टर लागतात, २५ सेंटीमीटरवरच्या कामाला ४. दहा वर्षांच्या पोराकडे चौदा-पंधरा डायॉप्टरचा साठा असतो, चाळिशीत पाच-सहा, साठीला जेमतेम एक. शिवाय हा सगळा साठा तासन्‌तास वापरता येत नाही. निम्मा हाताशी राखून ठेवावा लागतो, नाहीतर डोळे शिणतात. पंचेचाळिशीत साधारण पाच उरले, त्यातले अडीच आरामात वापरता येतात, म्हणजे पेपर अगदी काठावर. संध्याकाळी अंधूक उजेडात तोही जड जातो, कारण बाहुली मोठी होते आणि अक्षरं आणखी पसरतात.

आता गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात चला. साजाचे मणी ओवणारा, डाक लावणारा (म्हणजे सोन्याचे तुकडे वितळत्या धातूने जोडणारा) कारागीर काम नाकाजवळ घेऊन बसतो. त्याला सलग चार डायॉप्टर हवेत, म्हणजे साठा आठचा हवा. तेवढा साधारण पस्तिशीपर्यंतच असतो. पेपर व्यवस्थित वाचणाऱ्या या माणसाला ‘तुला इतक्यात कसला चष्मा’ म्हणून परत पाठवलं जातं आणि त्याचं कपाळ रोज संध्याकाळी ठणकत राहतं. चांदीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीत पैंजणांची बारीक जोडकामं करणाऱ्यांचंही हेच.

रस्त्याकडेच्या रेडीमेड चष्म्याच्या गाड्यावर पहिला प्रश्न असतो, “मामा, वय किती?” खरं तर विचारायला हवं, काम किती अंतरावर करता? तसे हे चष्मे टाकाऊ नव्हेत. आसामातल्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे साधे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं तोडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण येते ती तासन्‌तास लावल्यावर. दोन्ही काचांना एकच नंबर, तिरपा (सिलिंडरचा) नंबर असला तर तो त्यात नाही, आणि काचांच्या मध्यांमधलं अंतर ठरावीक. वाचताना तुमच्या बाहुल्या ५८ मिलिमीटरवर आणि काचांचे मध्य ६४ वर असले, तर अडीच नंबरच्या चष्म्यात दीड प्रिझमइतका (काच प्रकाश किती वळवते त्याचं हे माप) फरक पडतो आणि डोळ्यांना जास्तच आत वळावं लागतं. पत्ता वाचायला काही बिघडत नाही. चार तास हिशेब तपासायला बसलात तर कपाळ दुखू शकतं.

कॉम्प्युटरची गोष्ट उलटी. पडदा ६०-६५ सेंटीमीटरवर असतो, त्याला दीडच डायॉप्टर पुरतात. पन्नाशीतला क्लार्क वाचायचा अडीचचा चष्मा लावून बसला की पडदा धूसर, मग तो पुढे वाकतो. बायफोकल असेल तर खालच्या काचेतून दिसावं म्हणून हनुवटी वर. दोन्हीकडे मानेचे स्नायू आखडतात आणि दुखणं मागून डोक्यात चढतं. त्याला वाटतं, नंबर वाढला. भर म्हणून पडद्याकडे टक लावताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी लवतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींमध्ये कधीकधी छुपा प्लस नंबर असतो, म्हणजे दूरचं पाहतानाही भिंगाला जोर लावावा लागतो. तरुण भिंग तो दिवसभर भरून काढतं, दूरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, त्यामुळे ‘डोळे चांगले आहेत’ असा निकाल मिळतो. डोळ्यातला स्नायू सैल करणारे ड्रॉप टाकून तपासल्यावर तो नंबर उघडा पडतो.

तरीही बहुतेक डोकेदुखी डोळ्यांमुळे नसते, हे चष्म्याच्या दुकानात सहसा कुणी सांगत नाही. डोळ्यांच्या ताणाची डोकेदुखी सकाळी उठताना नसते, जवळच्या कामाबरोबर चढते आणि काम थांबलं की उतरते. अर्धं डोकं ठणकणं, मळमळ, उजेड सहन न होणं ही बहुधा मायग्रेनची लक्षणं. त्यासाठी दर सहा महिन्यांनी काचा बदलून काही मिळत नाही. पन्नाशीनंतर कानशिलात नवीनच दुखू लागलं आणि चावताना जबडा भरून येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लाल डोळा, जबर वेदना, उलट्या आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसणं, हा काचबिंदूचा तातडीचा झटका असू शकतो. तिथे एक रात्रही वाट पाहू नये.

तपासणीला जाताना घरच्या टेपने दोन अंतरं मोजून न्या: डोळ्यापासून हातातल्या कामापर्यंत आणि डोळ्यापासून पडद्यापर्यंत. कारागिराला दोन वेगळे चष्मे लागले तर त्यात चैन काहीच नाही. आणि चाळिशीचा चष्मा करताय तर डोळ्याचा दाब आणि मागची नसही तपासून घ्या. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार मुळीच दुखत नाही, आणि गाड्यावरच्या चष्म्याबरोबर ही तपासणी मिळत नाही.