भर मे महिन्यात हुडहुडी

गेल्या मे महिन्यात कुडाळला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बाहेर घामाच्या धारा, आंबे उतरवायची घाई, आणि मी ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) टेबलावर दात वाजवत पडलेलो. गंमत म्हणजे थरथरत होतं ते फक्त वरचं अंग, कमरेखाली सगळं गप्प, पाय म्हणजे कोणीतरी आणून ठेवलेले दोन ओंडके. त्याआधी पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर पाचेक मिनिटांत मळमळायला लागलं, मी भूलवाल्या मॅडमना म्हटलं मॅडम कायतरी होतंय, तर त्यांनी आधी मॉनिटर बघितला, सलाईनच्या नळीतून एक औषध सोडलं आणि मिनिटभरात मी माणसात आलो. बीपी पडलेलं. बाहेर आणल्यावर आईने पायाला हात लावला, "पाय तर गरम आसत, मगे थंडी कसली वाजता तुका?"

आईचा प्रश्न एकदम बरोबर होता. टाके काढायला गेलो तेव्हा मॅडमना तोच विचारला.

पाठीत देतात ते बुपिवाकेन नावाचं बधिर करणारं औषध, दोन-तीन मिलीच. त्यात साखर घालून ते जड केलेलं असतं म्हणजे मणक्यातल्या पाण्यात खाली बसतं आणि टेबल कलवून बधिरपणा कुठवर चढू द्यायचा ते बघता येतं. (पाठीत भूल द्यायची युक्ती जुनी आहे, १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअरने कोकेन वापरून सुरू केली आणि भूल लागली का बघायला असिस्टंटच्या नडगीवर हातोडी मारली!) पण औषध फक्त दुखणं थांबवत नाही. पायातल्या रक्तवाहिन्या आवळून धरणारे मज्जातंतूही झोपतात.

आमच्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी सोडलं की एका वेळी तीन-चारच आळी उघडी ठेवतात, बाकीच्यांची तोंडं मातीने बंद. सगळी एकदम उघडली तर पंप तोच, पाणी तेवढंच, पण टोकाच्या झाडाला पोचत नाही. इथे टोकाचं झाड म्हणजे मेंदू. रक्त पायात साचतं, हृदयाकडे कमी परततं, बीपी उतरतं आणि पहिली तक्रार बहुतेक वेळा मळमळीची असते, म्हणून ती लपवायची नाही, लाजायचं तर नाहीच.

थंडीपण त्याच उघड्या आळ्यांतून येते. पोटाछातीतली ऊब रक्ताबरोबर पायात जाते, आतलं तापमान पहिल्या तासात अर्धा-एक डिग्री उतरू शकतं आणि ओटीचा एसी असतोच. पायातल्या वाहिन्या आवळता येत नाहीत, पाय थरथरवता येत नाहीत, मग गरमी कमवायचं काम एकट्या वरच्या अंगावर येतं. त्यात ऑक्सिजन जास्त खर्च होतो, शिवाय हलणाऱ्या हाताचं बीपीही मशीनला नीट सापडत नाही.

मग आधीच काय करतात? पूर्वी इंजेक्शनच्या आधी लिटरभर सलाईन चढवायचे, पण ते वाहिन्यांत फार वेळ टिकत नाही, त्यामुळे आता इंजेक्शनबरोबरच जोरात सोडतात. सिझेरियनला तर बीपी पडायची वाट न बघता फेनिलेफ्रिनसारखं वाहिन्या आवळणारं औषध सुरुवातीपासून द्यावं, वरचं बीपी आधीच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये असं २०१८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सांगितलं. गरोदर बाईला डाव्या कुशीकडे जरा कलतं ठेवतात, नाहीतर गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन आधी दिलं तर बीपी पडणं आणि थरथर दोन्ही कमी होतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मला हे भारी वाटलं.

थंडीसाठी गरम सलाईन, गरम हवेचं ब्लँकेट. पण खरी मेख वेळेची, पांघरूण भूल द्यायच्या आधी हवं, कारण पाय आधीच गरम असले तर आतली ऊब तिकडे पळायला फारसं कारण उरत नाही. मागाहून घातलेलं नुसतं समाधान नाही म्हणणार, पण निघून गेलेली ऊब भरून यायला वेळ लागतो. तरी थरथर थांबली नाही तर ट्रामाडॉल किंवा पेथिडीन या वेदनाशामकाचा छोटा डोस देतात.

पुढच्या महिन्यात काकांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन आहे. ते बीपीची गोळी घेतात, नावाच्या शेवटी सार्टन असलेली, आणि असल्या गोळ्या बऱ्याचदा आदल्या दिवशी बंद ठेवायला सांगतात, म्हणून पाकीटच भूलवाल्या डॉक्टरांना दाखवा, मनाने घेऊ नका आणि मनाने बंदही करू नका असं बजावलंय. तर ते म्हणाले, "आणि स्वेटर नेऊ काय रे?"

न्या म्हटलं, पायमोजेपण न्या, पण वॉर्डात नंबर येईपर्यंत घालून बसा.