रायफल झिरो करायची आहे? रेस्ट घेण्याआधी एवढं वाचा

नवी एअर रायफल घेतली, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) चढवला, की पुढची मागणी ठरलेली: "झिरो करायला एखादा चांगला स्टँड दाखवा." झिरो करणं म्हणजे स्कोपमध्ये नेम धरला तिथेच छर्रा लागेल असं जुळवणं. त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, रायफल स्प्रिंगची आहे की पीसीपी? हे कळल्याशिवाय आम्ही रेस्ट (रायफल टेकवायचा आधार) काढून दाखवत नाही, कारण एकीला जो रेस्ट मानवतो तो दुसरीचा नेम बिघडवतो.

पीसीपीचं काम सोपं आहे. हवा आधीच सिलिंडरमध्ये दाबून भरलेली असते, धक्का जवळपास नसतो. टेबलावरचा स्क्रूचा रेस्ट, बायपॉड (दोन पायांचा टेकू), वाळूची पिशवी, काहीही चालतं. वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे तपासून पाहायचे असतील तर स्क्रूच्या रेस्टवर खर्च करायला हरकत नाही.

स्प्रिंग रायफलची गोष्ट वेगळी. चाप ओढला की आतला पिस्टन जोरात पुढे सुटतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन टोकाला पोचला की ती पुढे झटका देते. छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच रायफल हललेली असते. ते हलणं थांबवता येत नाही, फक्त दर वेळी सारखं ठेवता येतं. म्हणून शिकंजा, पट्ट्याने आवळायचा स्टँड किंवा कडक बायपॉड तिला नकोच. त्यांवर ग्रुप (छर्ऱ्यांच्या खुणांचा पुंजका) छान आला, तरी हातात धरून मारताना छर्रे भलतीकडेच लागतात. अशा रायफलला मऊ पिशवी द्या. पिशवीवर डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवा, त्यावर फोरएंड (नळीखालचा पुढचा दांडा) नुसता टेकवा, बोटं आवळू नका. आमच्याकडे स्प्रिंग रायफलवाल्यांनी महागडा स्टँड मागितला तर आम्ही तो देत नाही, पिशव्या देतो.

पिशव्या दोन लागतात: पुढे फोरएंडखाली एक, मागे दस्त्याखाली छोटी एक. मागची विकत घ्यायचीही गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं दुहेरी शिवली की काम झालं. भरायला वाळू उत्तम, पण बांधकामाची क्रश सँड नको. तिचे टोकदार कण शिवण कापतात. साधी वाळू चाळून, धुवून, दोन-तीन उन्हं दाखवून भरा. ओली राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते आणि पिशवीवर ठेवलेल्या रायफलला गंज चढतो. तांदूळ-ज्वारी भरू नका, पोरकिडे होतात. प्लास्टिकचे दाणे हलके, रेंजवर न्यायला सोयीचे, पण पुढच्या पिशवीला वजन हवं, तिथे वाळूच बरी. पिशवी ठासून भरू नका. तळहाताची कड मारली की खाच पडली पाहिजे आणि ती तशीच राहिली पाहिजे. त्याच खाचेत रायफल बसते.

आता बसायचं कसं. टेबल हलतं का ते आधी बघा; हलणाऱ्या टेबलावर कुठलाच रेस्ट उपयोगाचा नाही. नळी पिशवीला कधीही टेकवू नका, टेकवायचा तो फोरएंड. पट्ट्याची कडी पिशवीत अडकत नाही ना, तेही पाहा. फोरएंडवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून खूण करा आणि दर वेळी तीच जागा टेकवा. उंची कमी-जास्त करायला रायफल उचलायची नाही. मागची पिशवी डाव्या मुठीत हलकेच दाबली की क्रॉस (स्कोपमधली फुली) खाली येतो, सोडली की वर जातो. (तळव्यावर टेकवताना डावा हात पुढे अडकलेला असतो, तेव्हा मागची पिशवीच पुढेमागे सरकवा.) नेम लागल्यावर डोळे मिटून एक श्वास सोडा आणि उघडा. क्रॉस बाजूला गेला असेल तर तुम्ही रायफल ढकलून धरली होती. पिशव्या आणि खुर्ची हलवा.

स्प्रिंग रायफल घेऊन बसण्याआधी फोरएंडचे आणि स्कोप माउंटचे स्क्रू घट्ट आहेत ना ते बघा. "रेस्ट खराब आहे" म्हणून परत आलेल्या बऱ्याच रायफलींत ढिला स्क्रू निघतो.

दर छर्ऱ्यामागे स्कोपचा नॉब फिरवू नका. पाच छर्रे मारा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा. बहुतेक स्कोपवर नॉबचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (कोनाचं माप), म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर आणि १० मीटरवर जेमतेम ०.७ मिलिमीटर. म्हणून १० मीटरवर ग्रुप १४ मिलिमीटर खाली असेल तर वीसेक क्लिक लागतील. एवढे कसे, म्हणून घाबरू नका. स्कोप धूसर दिसत असेल तर तो १० मीटरसाठी बनलेला नसेल. पुढची काच फिरवून फोकस होणारा स्कोप अशा वेळी बरा पडतो.

स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळाल्यापासून मुलामुलींना घेऊन येणारे पालक वाढले. त्यांना आवर्जून सांगतो: १० मीटर एअर रायफल स्पर्धेत रेस्ट चालत नाही, उभं राहूनच मारायचं असतं. (पॅरा नेमबाजीत एसएच-२ गटाला, म्हणजे ज्यांना हातांनी रायफलचा भार पेलता येत नाही त्यांना, स्प्रिंगचा स्टँड वापरता येतो.) तिथला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. रेस्टवर साइट अंदाजे जुळवा; शेवटचे क्लिक मूल ज्या पवित्र्यात मारतं त्यातच उभं राहून, शक्यतो प्रशिक्षकांसमोर.

कायद्याचं थोडक्यात: ४.५ मिलिमीटरपर्यंत कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंत शक्ती असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, ५.५ मिलिमीटरला लागतो. परवाना नाही म्हणून पाखरांवर मारायची मोकळीक नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. छर्रे झेलायला पेटी ठेवा, भिंतीवर किंवा लोखंडावर मारू नका, ते उलटून येतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

दुकानात येताना रायफल रिकामी करून, कव्हरमध्ये घालून आणा, आणि तुम्ही वापरता तो छर्ऱ्यांचा डबाही आणा. फोरएंडची रुंदी आम्ही मोजतो आणि तिच्या मापाची पिशवी देतो. रुंद फोरएंडखाली अरुंद पिशवी गेली की रायफल कलते आणि छर्रे एका बाजूला पडू लागतात.