खाऱ्या हवेत टिकणारा जोड

हापूसच्या बागेत मोहोराच्या दिवसांत हवेतला दमटपणा मोजायचा असो की टाकीतल्या पाण्याची पातळी घरात बसून पाहायची असो, एक ईएसपी-३२ (वाय-फाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) आणि दोन-तीन सेन्सर एवढ्यावर काम होते. जानेवारीत टेबलावर जोडलेले सर्किट व्यवस्थित चालते. जुलैत तेच मधूनच बंद पडते, हात लावून हलवले की पुन्हा सुरू होते, आणि बिघाड प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही असा प्रकार दिसला, तर आधी जोड तपासावेत. चिप सहसा बिघडत नाही. बिघडते ती पिन आणि तिच्यावर बसलेला कनेक्टर.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरते. खाऱ्या वाऱ्याने पिनांवर बसलेला बारीक थर त्यामुळे पावसाळ्यात सुकतच नाही. त्यात शेजारच्या दोन पिनांमध्ये ३.३ किंवा ५ व्होल्ट असले, की त्या ओलीतून वीज झिरपते आणि धन बाजूच्या पिनेचा धातू हळूहळू विरघळू लागतो. म्हणून हिरवा कळंक आधी धन पिनेवर दिसतो. अनेक लहान सेन्सर बोर्डांवर व्हीआयएन (पुरवठ्याची धन बाजू) आणि ग्राउंड (ऋण बाजू) या पिना अगदी शेजारी असतात, त्यांच्यात फक्त २.५४ मिमी अंतर. दर दहा मिनिटांनी एकदाच मोजायचे असेल, तर मधल्या वेळात सेन्सरचा पुरवठा बंद ठेवावा. बॅटरी वाचतेच, पिनाही वाचतात.

स्वस्त पिनांवर कथलाचा मुलामा असतो. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेच हे कथील. दिवसभर तापून संध्याकाळी गार होताना पिन आणि सॉकेट केसाहूनही कमी अंतराने एकमेकांवर घासतात. प्रत्येक घासणीला ताजे कथील उघडे पडते, त्याचे ऑक्साइड बनते आणि ती भुकटी जोडातच साठते. जोडाचा रोध वाढत वाढत १ ओहम झाला, तर काय होते? वाय-फायवर माहिती पाठवताना ईएसपी-३२ क्षणभर ३०० मिलिअँपिअर ओढू शकते. तेवढ्याने ०.३ व्होल्ट जोडातच खर्च होतात, ३.३ चे ३.० उरतात, आणि ३.० ही ईएसपी-३२ च्या मॉड्यूलसाठी सांगितलेली खालची मर्यादा आहे. चिप रीसेट होऊ शकते. हलवल्यावर चालू होण्याचे कारणही हेच: हलवताना ऑक्साइड खरवडले जाते. सोन्याचा मुलामा असा खराब होत नाही, पण सोन्याची पिन कथलाच्या सॉकेटात घालू नये. ती जोडी लवकर बिघडते. दोन्ही बाजू एकाच धातूच्या घ्याव्यात.

आता ब्रेकआउट बोर्ड. बीएमई-२८० ही तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारी चिप २.५ मिमी बाजूच्या चौकोनात मावते, आणि तिचे आठही संपर्क पोटाखाली असतात. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या छिद्रांच्या फळीच्या) दोन छिद्रांमधले अंतरही जवळपास तेवढेच, २.५४ मिमी. म्हणून चिपचे संपर्क पसरवून देणारा छोटा बोर्ड लागतो. तो घेताना हेडर (पिनांची पट्टी) न लावलेला घ्यावा, स्क्रूची छिद्रे आहेत का ते पाहावे, आणि ५ व्होल्टवर चालवायचा असेल तर रेग्युलेटर (पुरवठ्याचे व्होल्ट उतरवणारा) व लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्ट उतरवणारा) दोन्ही आहेत याची खात्री करावी, कारण चिप स्वतः ३.६ व्होल्टपर्यंतचीच आहे. बीएमई म्हणून कित्येकदा बीएमपी-२८० हाती येते आणि ती आर्द्रता मोजतच नाही. ओळखायचे सोपे आहे: हेक्समधल्या (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीतल्या) डी-० या पत्त्यावरचे रजिस्टर, म्हणजे चिपमधली नोंद, वाचावे. हेक्समध्येच ६० आले तर बीएमई, ५८ आले तर बीएमपी.

आय-टू-सीच्या (दोन सिग्नल तारांवर अनेक सेन्सर जोडायच्या पद्धतीच्या) एकाच तारेवर पाच बोर्ड जोडले आणि प्रत्येकावर ४.७ किलोओहमचे पुल-अप (तारेला धन पुरवठ्याकडे ओढणारे रेझिस्टर) असले, तर ते समांतर होऊन ९४० ओहम उरतात. ३.३ व्होल्टला सुमारे ३.५ मिलिअँपिअर झाले, आणि साध्या आय-टू-सी चिपला ३ पर्यंतच खेचण्याची हमी असते. एकदोन बोर्डांवरचे रेझिस्टर काढून टाकावेत.

कनेक्टर कुठला घ्यावा, हे तो कुठे राहणार यावर ठरते. टेबलावर ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर ठीक, पण त्या तिथेच राहू द्याव्यात. बंद डब्यातल्या जोडांसाठी जेएसटी कंपनीचा एक्सएच चांगला: एकाच बाजूने बसणाऱ्या आकारामुळे उलटा बसत नाही आणि घट्ट धरतो. त्याच्या पिनांमधले अंतर २.५ मिमी आहे, २.५४ नव्हे. चार पिनांत एकूण फरक ०.१२ मिमी, म्हणून २.५४ च्या छिद्रांत तो खपून जातो. दहा पिनांत ०.३६ मिमी होतो आणि अडतो. क्विक (Qwiic) पद्धतीच्या, म्हणजे सोल्डर न करता आय-टू-सी जोडता येणाऱ्या बोर्डांवरचा १ मिमीचा एसएच प्लग सोयीचा आहे, पण नाजूक. तो ओढताना तारेला धरू नये. २ मिमीच्या पीएच प्लगवर येणाऱ्या लिथियम बॅटरीत धन-ऋण कोणत्या बाजूला, याला ठरलेला नियम नाही. जोडण्याआधी मल्टिमीटर लावलाच पाहिजे.

क्रिंप (तारेच्या टोकावर धातूचे टर्मिनल दाबून बसवणे) मात्र नीट झाली पाहिजे. २४ गेजची तार दोन-अडीच मिमी सोलावी. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्याला आवळते, मागची वरच्या प्लास्टिकला. प्लास्टिक पुढच्या पंखांत गेले तर संपर्क कच्चा राहतो. तांबे मागच्यांत गेले तर तार तिथेच मोडते. चांगल्या क्रिंपमध्ये तांब्याचे धागे इतके दाबले जातात की आत हवा शिरत नाही, आणि खाऱ्या हवेत सगळे संरक्षण तेच. पक्कडीने दाबून असे होत नाही, त्यासाठी क्रिंपिंग टूलच हवे. प्रत्येक तार ओढून पाहावी. स्क्रू टर्मिनलमध्ये घालायच्या टोकाला सोल्डर लावू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि स्क्रू सैल पडतो. फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावावे.

डब्याबाहेर तर कनेक्टर नसलेलाच बरा. सेन्सरच्या बोर्डाला तार थेट सोल्डर करावी, बोर्डाच्या छिद्रातून झिप टाय घालून ती बांधावी, आणि डब्यात पीजी-७ केबल ग्लँडमधून (केबलभोवती आवळणाऱ्या जलरोधक बुचातून) आत न्यावी. या ग्लँडला ३ ते ६.५ मिमी जाडीची गोल केबल लागते. चपटी तार घातली की पाणी शिरते. ग्लँड डब्याच्या खालच्या बाजूस, आणि त्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पागोळीसारखे पाणी तिथेच गळते. काढता येणारा जोड हवाच असेल तर एम-१२ (स्क्रूसारखा आवळायचा गोल जलरोधक कनेक्टर) घ्यावा. फटी बुजवायला सिलिकॉन घेताना वास पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि तांबे खाते. न्यूट्रल क्युअर लिहिलेले मागावे.

मेअखेरीस, मृगाच्या आधी, डबा एकदा उघडावा. पुरवठा आणि बॅटरी काढून प्रत्येक कनेक्टर दोन-तीनदा काढून-घालावा. पिनांवरचे मीठ नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जात नाही, कारण त्यात मीठ जवळजवळ विरघळतच नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या मऊ ब्रशने पुसावे, मग अल्कोहोलने पाणी काढावे. सेन्सरच्या बारीक छिद्राला यातले काहीच लागू देऊ नये. पूर्ण सुकल्यावरच बॅटरी लावावी.