मधला चौक तुमचाही आहे
नेरुळच्या आमच्या शॉपिंग सेंटरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

गेल्या दिवाळीत एक ताई आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात आल्या आणि विचारू लागल्या, "चौकात बचत गटाच्या बायका फराळ विकतात, त्या टेबलाचं भाडं किती घेता?" काहीच घेत नाही, हे त्यांना पटेना. निघताना म्हणाल्या, "मग हे लिहून का नाही लावत? आमच्या गटाला माहीतच नव्हतं." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून हे पत्रक.

सेंटर सांभाळणारी आमची कंपनी छोटी आहे. गाळे गाळेधारकांचे आहेत. लिफ्ट, सरकते जिने, स्वच्छतागृहं, पार्किंग, सुरक्षारक्षक आणि मधला चौक एवढं आम्ही बघतो. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 लागू होतं. वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के त्यांना सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आम्ही त्या कायद्यात बसत नाही आणि देणगीचे मोठे धनादेश द्यायची आमची ऐपतही नाही. आमच्याकडे आहे ती छपराखालची मोकळी जागा, वीज आणि दिवसभराची माणसांची ये-जा. नव्याने काही विकू पाहणाऱ्याला यातली ये-जा सगळ्यात मोलाची असते आणि पैसे मोजूनही ती सहज मिळत नाही.

हे का करतो, तेही सांगायला हवं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना 1970 मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. शिरवणे, दारावे, करावे, सारसोळे ही गावं आज आपल्या सेक्टरांना खेटून, गावठाणं म्हणून उभी आहेत. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. आपल्यातले बरेच जण मुंबईच्या चाळींतून, घाटावरून, कोकणातून इथं राहायला आले. गावातली आणि सेक्टरातली माणसं शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरी जाणं-येणं बेताचंच. आमच्या चौकात ती एकमेकांशी भाव करतात, ओळखीची होतात. आमच्या मते बाजाराचं हे मूळ काम आहे.

फराळाची टेबलं

दिवाळीच्या आधीचे दहा दिवस चौकात बचत गटांना टेबल, पंखा आणि दिवा विनामूल्य मिळतो. पहिल्या वर्षी आम्ही ही टेबलं लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात लावली होती. तिकडे कोणी फिरकलं नाही आणि दोन गटांना चकल्या भरलेले डबे तसेच घरी न्यावे लागले. चूक आमची होती. आता टेबलं सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर.

किराणा आणि फरसाणवाल्या गाळेधारकांनी सुरुवातीला हरकत घेतली. भाडं आम्ही भरतो आणि गिऱ्हाईक त्या नेतात, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मग असं ठरलं, की गटांनी रवा, पिठीसाखर, डाळीचं पीठ आणि तेल शक्यतो याच गाळ्यांतून घ्यायचं आणि गाळेधारकांनी त्यांना घाऊक भाव द्यायचा. आता टेबलांच्या यादीची चौकशी सगळ्यात आधी किराणावालेच करतात.

गटांसाठी अटी थोड्या आहेत, पण त्या सोडत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी हवी. घरगुती उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिचं सरकारी शुल्क वर्षाला 100 रुपये असतं आणि नोंदणी क्रमांक 14 अंकी असतो. तो प्रत्येक पिशवीवर लिहावा लागतो, सोबत पदार्थात काय काय घातलं आहे ते आणि बनवल्याची तारीख. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. जमत नसेल तर आधार कार्ड आणि फोटो घेऊन दुपारी ऑफिसात या, आमचा माणूस भरून देईल. वजनकाट्यावर वैधमापन विभागाची मुद्रा हवी. माव्याची मिठाई ठेवू देत नाही, कारण चौकात फ्रिज नाही. ग्राहकांनी चव मागावी, भाव विचारावा, पण पावशेर शेवेसाठी फार ताणू नये, ही विनंती. ती शेव पाडताना तेलाच्या कढईपुढे कोणी तरी तासन्तास उभं राहिलेलं असतं.

आगोटीचा बाजार

या बाजाराबद्दल ऑफिसात सगळ्यात जास्त तक्रारी येतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. म्हणून पावसाळ्याआधी घरात सुकी मासळी भरून ठेवायची, ही आगरी-कोळ्यांची जुनी रीत. तिला आगोट भरणं म्हणतात. मे महिन्यातले दोन रविवार सारसोळे आणि दिवाळे गावच्या मावशी आमच्याकडे बोंबील, जवळा, सोडे आणि वाकट्या घेऊन बसतात.

वास येतो, हे खरं. पहिल्या वर्षी बाजार चौकातच भरला आणि वरच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानदारांना त्रास झाला. तेव्हापासून तो पार्किंगच्या उघड्या बाजूला, शेडखाली भरतो, सकाळी 7 ते 11. नंतर जागा धुऊन निघते. त्या बाजूचं दार तेवढा वेळ बंद असतं, मुख्य दार नेहमीसारखं सुरू. बाजारच बंद करा, अशीही मागणी झाली. ती आम्ही मान्य केली नाही आणि करणारही नाही. ज्यांच्या खाडीकाठी आपण राहायला आलो, त्यांना वर्षातले दोन रविवार देता येऊ नयेत, हे आम्हाला पटत नाही.

घेताना बोंबील कडक आणि कोरडा बघून घ्या. दाबल्यावर नरम लागला तर घरी बुरशी धरेल. डब्यात भरण्याआधी एक कडक ऊन दाखवा.

रक्तदान

रक्तदान शिबिर आम्ही मुद्दाम मे महिन्यात ठेवतो. कॉलेजांना सुट्टी, लोक गावी गेलेले, त्यामुळे रक्तपेढीत तुटवडा असतो. प्लेटलेट्स पाच दिवसच टिकतात आणि तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे, त्यामुळे हिवाळ्यातल्या शिबिराचं रक्त मे महिन्यासाठी साठवून ठेवता येत नाही. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली नको. आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिने झालेले असावेत. उपाशीपोटी येऊ नका.

पूर्वी रक्तदात्यांना आम्ही खरेदीची सवलत कुपनं देत होतो. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी समजावलं, की बक्षिसाच्या मोहापायी माणूस आजार लपवतो आणि तो धोका रुग्णाला होतो. कुपनं त्याच वर्षी बंद केली. चहा-बिस्किट मिळतं.

रोजच्या काही गोष्टी

पावसाळ्यात सकाळी 7 ते 9 तळमजला ज्येष्ठांना चालायला खुला असतो. रबरी तळाच्या चपला घालून या, फरशी ओली असते. स्वच्छतागृह वापरायला खरेदीची गरज नाही. रिक्षावाले, डिलिव्हरीची मुलं, कोणीही वापरावं. सुरक्षारक्षकाने अडवलं तर ऑफिसात सांगा.

दुकानातली मुलगी स्टुलावर बसलेली दिसली तर ती कामचुकार आहे असं समजू नका. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. आम्ही तशा कायद्याची वाट न बघता गाळेधारकांना विनंती केली आणि बहुतेकांनी मानली. दहा-दहा तास उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, हे आम्ही रोज बघतो.

चौक मागायचा असेल तर

शाळेचं चित्रप्रदर्शन, सोसायटीचा हळदीकुंकू समारंभ, जुन्या पुस्तकांची देवाणघेवाण, काहीही असो, साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहून 15 दिवस आधी ऑफिसात द्या. अनामत रक्कम नाही. पक्षाचे फलक, कर्ज विकणाऱ्यांचे स्टॉल आणि औषधांचा प्रचार यांना जागा मिळत नाही, कितीही ओळख असली तरी. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद होतोच, आम्ही तो साडेनऊलाच बंद करतो, कारण मागच्या इमारतीत लहान मुलं झोपलेली असतात.

फराळाच्या टेबलांची नावनोंदणी घटस्थापनेला सुरू होईल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता चौकातच, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढू. आधी कधीच टेबल न मिळालेल्या गटांच्या चिठ्ठ्या पहिल्यांदा निघतील.