पित्ताशय काढलं म्हणून पित्त संपत नाही

पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली की पेशंटला हमखास ऐकवलं जातं, 'आता पित्तच बनणार नाही, तेलतूप कायमचं बंद!' हे चूक आहे, आणि याच भीतीपोटी लोक दुखणं अंगावर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पित्त बनतं यकृतात, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. त्यात जेमतेम 30 ते 50 मिलीलिटर मावतं, तेही आटवून घट्ट केलेलं. पिशवी गेली तरी पित्त थेट लहान आतड्यात झिरपत राहतं. काहींना सुरुवातीला पातळ शौचाला होतं, ते बहुधा हळूहळू कमी होतं.

दुसरी गल्लत म्हणजे पित्त स्निग्ध पदार्थ 'पचवतं'. त्यात पाचक एन्झाइम नसतातच. तेलकट ताटावर साबण पडला की तवंग फुटून बारीक थेंब होतात ना, अगदी तसंच पित्तातले क्षार, म्हणजे पित्तक्षार, करतात. त्या थेंबांचं पचन करतं स्वादुपिंडातलं लायपेज हे एन्झाइम. आणि काम झालं की सुमारे 95 टक्के पित्तक्षार आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन यकृतात परततात, पुन्हा वापरायला.