ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीतील खानदेश

फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल्स व्हर्न (१८२८–१९०५) याने ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत रंगवलेला खानदेश. ही कादंबरी १८७२च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसच्या ‘ल ताँ’ या दैनिकात क्रमशः आली आणि १८७३ साली पुस्तकरूपाने निघाली. व्हर्नने पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. चंद्र, समुद्रतळ, पृथ्वीचे पोट अशा ठिकाणी तो वाचकाला घेऊन गेला; भारतात मात्र तो स्वतः कधीच आला नाही. त्याचा खानदेश पुस्तकांतून आणि नियतकालिकांतून जमवलेला आहे. म्हणूनच तो इथल्या माणसाने ताडून पाहावा असा आहे.

कथानायक फिलिअस फॉग १८७२च्या २० ऑक्टोबरच्या रात्री मुंबईहून आगगाडीने निघतो. घाट आणि नाशिक रात्रीच मागे पडतात, आणि २१ तारखेला गाडी खानदेशच्या सपाट, पिकाऊ मुलखातून धावू लागते. गावे विखुरलेली आहेत, आणि युरोपातल्या चर्चच्या मनोऱ्याच्या जागी इथे देवळांचे ‘मिनार’ दिसतात, असे व्हर्न सांगतो. नोकर पासपार्तू जागा होऊन खिडकीबाहेर पाहतो. आपण खरोखरच हिंदुस्थानातून रेल्वेने चाललो आहोत, यावर त्याचा विश्वास बसत नाही.

या प्रदेशातले बहुतेक ओढे-नाले गोदावरीला मिळतात, असे कादंबरीत म्हटले आहे, आणि इथे व्हर्न सपशेल चुकला आहे. सातमाळा-अजिंठ्याची रांग हीच इथली जलविभाजक. तिच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते, उत्तरेचे तापीतून अरबी समुद्राला. गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या साऱ्या तापीच्याच. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालणारी वाघूरसुद्धा उत्तरेला तापीकडेच उतरते. गंमत अशी की पुढे बऱ्हाणपूर सोडताना त्याच व्हर्नने तापी सुरतेजवळ खंबायतच्या आखाताला मिळते, हे अचूक लिहिले आहे. पण सव्वासातशे किलोमीटरच्या या नदीला त्याने ‘लहान’ ठरवले. मुख्य नदी त्याला माहीत होती, तिची लेकरे मात्र त्याने दुसरीच्या पदरात घातली.

रुळांलगतच्या मळ्यांत कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीही दिसतात. कापूस अगदी खरा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) खानदेशच्या कापसाला मोठा भाव आला होता. बाकीची पिके दमट प्रदेशातली. खानदेशच्या कोरड्या, तापणाऱ्या काळ्या जमिनीत ती कुठून येणार?

कादंबरीत पुढे येणारे ‘मिलिगाम’ म्हणजे मालेगाव. हे गाव रेल्वेच्या वाटेवर नाही. लोहमार्ग मनमाडवरून चाळीसगाव, जळगाव, भुसावळकडे जातो. मालेगावापुढच्या मुलखाला व्हर्न कालीभक्त ठगांच्या रक्तपाताची भूमी म्हणतो. युरोपीय वाचकाला ठगांच्या गोष्टी ओळखीच्या आणि प्रिय होत्या, हे त्यामागचे कारण असावे. खानदेशच्या सीमेवर खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी अवघ्या चौदा वर्षांपूर्वी, ११ एप्रिल १८५८ रोजी, अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी दिलेली झुंज मात्र फॉगच्या गाडीतून दिसत नाही. प्रस्तुत लेखकाला या वर्णनातली ही सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुपारी साडेबाराला बऱ्हाणपूर येते. फारुकी सुलतानांची ही राजधानी इतिहासाने खानदेशची, आज मात्र मध्य प्रदेशात आहे. पासपार्तू इथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो आणि मोठ्या मिजाशीत पायांत घालतो. जेवण उरकून मंडळी असीरगडाकडे निघतात, आणि त्यानंतर गाडी सातपुड्याच्या खिंडींत शिरते.

दुसऱ्या दिवशी खोल्बी येथे पुढचा लोहमार्गच संपलेला निघतो आणि फॉगला हत्तीवरून जावे लागते. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग १८७०मध्येच जबलपूरवरून जोडला गेला होता. ही तूट केवळ कथेच्या सोयीची आहे.

व्हर्नचे हिंदुस्थानाशी नाते याच कादंबरीपुरते नव्हते. त्याच्या दुसऱ्या कादंबऱ्यांतला पाणबुडीचा कप्तान निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, तर १८८० सालच्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीत नानासाहेब पेशवे वेरूळच्या लेण्यांत आसरा घेतात. मराठी मुलांपर्यंत व्हर्न पोहोचवण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवत यांचे.